स्वस्तातला बास आणि एक विसरलेली वायर

आज अख्खा दिवस स्वस्तातल्या बास गिटारचं पोट उघडून बसलो होतो. जुना सिरॅमिक चुंबकाचा पिकअप (तारांची थरथर पकडून तिचा विजेचा सिग्नल करणारा भाग) काढून अल्निको चुंबकाचा, दोन वेटोळ्यांचा स्प्लिट-कॉइल पिकअप, आवाज-टोन कमीजास्त करायचे 250 केचे नवे पॉट, 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि तारा ज्यावर टेकतात त्या पातळ पत्र्याच्या ब्रिजऐवजी चांगला जाडजूड ब्रिज. सोल्डरिंग असं चकाकत होतं की फोटोच काढला.

अँप लावला. घूंऽऽऽ!

अरे, स्प्लिट-कॉइलची दोन वेटोळी एकमेकांचा हम, म्हणजे ही घूंघूं, मारतात ना? सगळे जोड पुन्हा तापवले. दोन तास गेले. मग कळलं, तारांना हात लावला तरी आवाज तसूभरही कमी होत नाही. म्हणजे तारांना ग्राउंडच (बाहेरचा गोंगाट वाहून नेणारी जोडणी) नाही! ब्रिजखाली जाणारी वायर बिचारी भोकातच मुडपून पडली होती. टोक सोललं, ब्रिजखाली दाबलं, स्क्रू आवळले. एकदम चिडीचूप.

ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) जुनेच ठेवले, सूर धरतात तर कशाला छेडा. ई तार आधी नुसती धब्ब व्हायची, आता तिचा सूर कळतो. (निम्मं श्रेय नव्या तारांचं असणार, पण हे घरी सांगू नका.)