डीएमसी सरावनोंद, आठवडा 6: फ्रेम मोजता मोजता लॉक-ऑनपाशी

मंडळी, या आठवड्यात नवा कॉम्बो (सलग वारांची साखळी) एकही बसवला नाही. 'डीएमसी: डेव्हिल मे क्राय' या मारधाडीच्या गेमवरचा जुना वाद, 30 फ्रेम पुरतात की 60 हव्यात, एकदा स्वतःच्या बोटांनी तपासायचा होता, त्यातच चार रात्री गेल्या.

वाद तुम्हाला पाठ आहे. मालिकेची मालक कंपनी कॅपकॉमनं तिची नवी सुरुवात केंब्रिजच्या निंजा थिअरी या स्टुडिओकडे सोपवली आणि 2013 च्या जानेवारीत गेम आला. तो अनरियल इंजिन 3 या सॉफ्टवेअरवर बांधलेला, आणि पीएस3, एक्सबॉक्स 360 या कन्सोलवर सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे पडद्यावर 30 चित्रं. चौथा भाग याच कन्सोलवर 60 नं पळत होता, त्यामुळे चाहते खवळले.

मी पीसीवरचा गेम ग्राफिक्स ड्रायव्हरमधून 30 वर बांधला. कन्सोलची हुबेहूब नक्कल होत नाही, पण तुलनेपुरतं चालतं. कसोटी एकच: स्टायजियन या साध्या शत्रूचा वार पार अंगावर येऊ द्यायचा आणि शेवटच्या क्षणी डीमन इव्हेडनं तो चुकवायचा. प्रत्येकी 50 प्रयत्नांत 30 फ्रेमवर 26 जमले, 60 वर 34. एक फ्रेम 30 वर 33 मिलिसेकंद टिकते, 60 वर 17. वार उचललेला उशिरा दिसतो, म्हणून बोट अंदाजानं आधीच दाबलं जातं. तिसऱ्या रात्री मात्र 30 वरचा आकडा 31 झाला. हात जुळवून घेतो.

शिवाय त्या 30 च्या बदल्यात काय मिळालं तेही पाहा. लिंबो या गेममधल्या राक्षसी जगातला रस्ता पायाखाली फाटतो, दोन्ही बाजूच्या भिंती चालून येतात, आणि हे सगळं आपण पळत असताना. जुन्या कन्सोलवर अशा शहरासाठी मी 30 सोसले असते.

लॉक-ऑन (एकाच शत्रूवर निशाणा धरून ठेवायची सोय) काढला हे मात्र मला आजही पटत नाही. खालचे दोन ट्रिगर एंजल आणि डीमन शस्त्रांना गेले, ते ठीक. पण वरची दोन्ही बटणं चुकवण्यासाठीच! एकाच कामाला दोन बटणं, आणि निशाणा धरायला एकही नाही. स्टिंगर या झेप घेऊन मारायच्या वारासाठी स्टिक दोनदा पुढे ढकलावी लागते ती त्यामुळेच.

चौथ्या रात्री हे पुरतं कळलं. वर पेथोस हा उडता शत्रू, खाली दोन स्टायजियन. स्टिक पेथोसकडे रोखून एंजल लिफ्ट (आपल्याला शत्रूकडे खेचून नेणारी चाल) मारला की गेम जवळचा स्टायजियन निवडतो, आणि हवेतला अख्खा डाव जमिनीवर येतो. 20 पैकी 9 वेळा असंच झालं. 60 फ्रेम असूनही.

मग मित्राचा पीएस4 आणला आणि 2015 ची डेफिनिटिव्ह आवृत्ती लावली. तिच्यात हातानं धरायचा लॉक-ऑन आहे. तीच जागा, तेच शत्रू: 20 पैकी 19. अक्विला या एंजल शस्त्रानं हवेत चार वार, एनिमी स्टेप (शत्रूवर पाय देऊन उडी), पुन्हा लिफ्ट. सहा आठवड्यांत पहिल्यांदा पेथोस जमिनीला न टेकता मेला. खुर्चीतून उठून उभा राहिलो.

म्हणून 30 विरुद्ध 60 वर भांडताना लॉक-ऑनचा मुद्दा आधी घ्या, एवढंच माझं म्हणणं.

पीएस4 अजून दहा दिवस माझ्याकडे आहे. पुढच्या नोंदीत 20 टक्के जास्त वेगाचा टर्बो मोड, आणि जमलं तर मस्ट स्टाइल मोड. त्यात लढण्याच्या शैलीला मिळणारा रँक एसच्या खाली असेल तर शत्रूला ओरखडाही उठत नाही, आणि माझा ओसायरिस (एंजल विळा) अजून ए वरच अडकतो. कुणी एस पर्यंत नेत असाल तर सुरुवात कुठल्या वारानं करता, ते सांगा.