"मॅडम, मुलं मूर्त्या धुणार का?"

मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेवर चित्रकला शिकवते. सातवी-आठवीच्या पोरांना म्युझियममध्ये नुसतं रांगेत फिरवून आणायचं नव्हतं, जुन्या वस्तू टिकवतात कशा ते तिथंच त्यांच्यासमोर बसून दाखवायचं होतं. गाडी, डबे, पालकांची संमती सगळं चार दिवसात झालं. अडलं ते म्युझियमच्या परवानगीवर, अन् असं अडलं की अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

अर्जात मी विषय लिहिला, 'कलावस्तू जतन कार्यशाळेस परवानगी मिळणेबाबत'. टेबलावरचे क्लार्क वाचून म्हणले, "मॅडम, मुलं मूर्त्या धुणार का?" म्हणलं नाही हो, हात पण लावणार नाहीत. "मग जतन कशाचं करायलेत?" झालं, अर्ज वरच्या ऑफिसला. तिथले साहेब प्रभारी, दोन जिल्ह्यांचा चार्ज, आठवड्यातून एकदा येणार अन् वार कोणता ते कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. (पोच घेतली नव्हती, ही माझी चूक. आवक नंबर अन् शिक्का मारलेली झेरॉक्स हातात आल्याशिवाय टेबल सोडू नका.) तिसऱ्या खेपेला म्हणले मुख्याध्यापकांचं हमीपत्र जोडा, वस्तूला इजा झाली तर जबाबदारी शाळेची. आमचे सर सही करेनात, त्यांचंही बरोबरच, शेकडो वर्षांच्या मूर्तीची हमी कोण घेणार! शेवटी शिपाईमामांनीच टपरीवर चहा पिता पिता सांगितलं, "मॅडम, ते जतन अन् कार्यशाळा काढून टाका, 'शैक्षणिक भेट' लिहा, बाकी पुरवणीत घाला." चार दिवसात सही. दीड महिना गेला एका शब्दापायी.

सोमवारची तारीख मागू नका, आमच्याकडं त्या दिवशी म्युझियमला सुट्टी असते, मी आधी तीच मागितली होती.

बाकी दिवस मस्त गेला. बुटाच्या खोक्यात निघते ती सिलिका जेलची पुडी शोकेसमध्ये बघून पोरं हसली, दमट हवा शोषायला ठेवतात म्हणल्यावर गप्प झाली. शाळेत आधीच आम्ही कौलाच्या तुकड्यांवर माती अन् भाताचं तूस लिंपून, वर चुन्याचा पातळ हात देऊन अजिंठ्यासारखी भिंत केली होती, त्यावर चित्रं, अन् अर्ध्या चित्रांवर सुताराकडचं लाखेचं पॉलिश. कारण निजामाच्या काळात, 1920 च्या सुमारास, इटलीहून बोलावलेल्या जाणकारांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचाच थर दिला होता. चित्र टिकावं म्हणूनच दिला, पण तो पुढं पिवळा पडला, धूळ धरून बसला, अन् पुरातत्त्व खात्याच्या केमिस्टांना तो काढत बसावं लागलं.

हे ऐकून आठवीतली एक पोरगी म्हणली, "मॅडम, आमच्या पारावरच्या वीरगळाला तर दर पोळ्याला ऑइलपेंट मारायलेत." (वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड.)

यंदा पोळ्याआधी चौघं-पाचजणं सरपंचांकडं गेली. रंगाचा डबा आणून ठेवलेलाच होता. तो पाराच्या कठड्याला लागला.