बर्गनच्या पावसात लेकीसोबत

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बर्गन हे ओस्लोखालोखाल त्या देशातले सर्वांत मोठे शहर असून तिथे वर्षाकाठी साधारण 2,250 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पावसाळा चांगला झाला तरी आकडा हजाराच्या आसपास थांबतो, आणि तोही जून ते सप्टेंबर एवढ्याच काळात. त्यामुळे तिथे नोकरीला असलेल्या दिरांनी आम्हाला बोलावले, तेव्हा तीन वर्षांच्या मुलीला घेऊन एवढ्या ओल्या गावी जावे की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. पोरगी आजारी पडेल, असे सासूबाईंचे स्पष्ट मत होते. जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की, लहान मुलाला परदेशातले एखादे शहर दाखवायचे असेल, तर बर्गनसारखे शहर निवडावे, आणि तेही तिथला पाऊस गृहीत धरून.

उत्तर अटलांटिकवरून येणारे दमट वारे शहराभोवतीच्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात, म्हणून हा पाऊस बारमाही आहे. मे आणि जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, तरी छत्रीशिवाय घराबाहेर पडावे असा भरवसा जूनमध्येही वाटत नाही. मात्र हा पाऊस आपल्याकडच्या मृगाच्या सरींसारखा कोसळत नाही. तो बारीक, गार आणि चिवट असतो. दिरांनी मुलीसाठी आधीच पावसाळी सूट आणून ठेवला होता. खांद्यापर्यंत येणारी जाड विजार, वर टोपीचा डगला, पायात गमबूट आणि आत लोकरीचा पातळ थर, असा तो सरंजाम असतो. तो अंगावर चढवायला पहिल्या दिवशी रडारड झाली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गमबूट घेऊन दाराशी उभी राहिली.

हा बदल कशामुळे झाला, हे सांगण्यासारखे आहे. घराजवळच्या बागेत एका बालवाडीची मुले आली होती. सगळ्यांच्या अंगावर चमकदार पिवळ्या बंड्या होत्या, पाऊस पडत होता आणि ती मुले डबक्यात बसून फावड्यांनी चिखल उपसत होती. शिक्षिका शेजारी उभ्या होत्या, पण कोणी कोणाला उठवत नव्हते. खेळ संपल्यावर एकेका मुलाला नळाखाली उभे करून सूट धुतला गेला आणि आतली मुले कोरडीच्या कोरडी राहिली. माझी मुलगी काही वेळ माझ्या ओढणीला धरून पाहत राहिली आणि मग हळूच जाऊन त्या डबक्यात बसली. तिला नॉर्वेजियन येत नव्हते आणि त्या मुलांना मराठी, तरी एकीने तिच्या हातात फावडे दिले. तिथे तान्ही बाळेही पाळणागाडीत पांघरूण घालून बाहेर, मोकळ्या हवेत झोपवतात. मी स्वतः जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ढग दाटले की मुलांना वर्गात कोंडण्याची आपली सवय मला त्या दिवसापासून फार खुपते आहे. आपल्याकडे वीज पडण्याचा धोका खरा आहे आणि तेव्हा मुलांना आत घ्यायलाच हवे, पण साध्या झिमझिमीतही आपण त्यांना अंगणात जाऊ देत नाही.

शहरात मुलीला सर्वांत जास्त आवडली ती फ्लोयबानेन ही डोंगरावर जाणारी दोरखंडाची रेल्वे. ती 1918 मध्ये सुरू झाली आणि भर शहरातून समुद्रसपाटीपासून सुमारे 320 मीटर उंचीवर, फ्लोयेन डोंगरावर, काही मिनिटांत नेऊन सोडते. एकाच दोरखंडाला दोन डबे जोडलेले असतात. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो आणि मध्यावर ते एकमेकांच्या शेजारून जातात. हा क्षण पाहण्यासाठी मुलीने आम्हाला तिथे पुन्हा पुन्हा नेले. पाळणागाडी थेट डब्यात चढवता येते, ही आईबापांसाठी मोठी सोय आहे. वर मुलांचे मैदान आहे, आणि तिथून खाली पाहिले की बंदर, बेटे आणि सात डोंगरांच्या मधोमध वसलेले अख्खे गाव दिसते. मुलीने मात्र त्या देखाव्याकडे पाठ फिरवली होती, कारण तिला बकऱ्या दिसल्या होत्या.

फ्लोयेनवर उन्हाळ्यात काश्मिरी जातीच्या बकऱ्या मोकळ्या चरतात. त्यांनी वाढलेली झुडपे खावीत आणि डोंगर मोकळा राहावा, हा त्यामागचा हेतू आहे. दर्शनी पांढरीशुभ्र लोकर, वाकडी शिंगे, आणि माणसांची त्यांना जराही भीती नाही. एक बकरी मैदानाच्या वाटेवर आडवी बसली होती आणि लोक तिला वळसा घालून जात होते. आम्ही लगेच गावी व्हिडिओ कॉल लावला. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बर्गनचे बंदर पाहून नुसती मान हलवली होती, पण बकऱ्या पाहिल्यावर ते चष्मा सारखा करून पुढे सरकले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “यायले चारते कोन?” गुराखी नाही आणि कुंपणही नाही, असे दिरांनी सांगितले. बकऱ्यांच्या गळ्यात एक पट्टा असतो. त्यांची हद्द नकाशावर आखून दिलेली असते. हद्दीजवळ जाताच पट्टा वाजतो, आणि तरीही बकरी पुढे गेली तर तिला हलका झटका बसतो. हे ऐकून मामाजी जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “असा पट्टा रोह्यायच्या गळ्यात बांधता येईन का?” रोह्यांनी (नीलगायींनी) आणि रानडुकरांनी तूर, सोयाबीन तुडवल्यावर रात्ररात्र मचाणावर जागणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हते.

भारताची वेळ तिथल्या उन्हाळी वेळेच्या साडेतीन तास पुढे आहे. त्यात जूनमध्ये तिथे सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा उगवतो. परिणामी मुलगी भल्या पहाटे उठून बसे आणि उजेड पाहून तिला पुन्हा झोपवणे अशक्य होई. मग आम्ही तिला पाळणागाडीत घालून ब्रिगेनला जाऊ लागलो. तिथे दिवसभर पर्यटकांची दाटी असते, पण त्या वेळी आमच्याशिवाय फक्त समुद्रपक्षी असत.

ब्रिगेन ही बंदरावरची लाकडी घरांची जुनी पेठ. 1360 च्या सुमारास हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांनी तिथे आपली कचेरी थाटली आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाळवलेल्या कॉड माशाचा व्यापार तिथून चालवला. 1702 च्या आगीत पेठ जळाली, ती जुन्याच धर्तीवर पुन्हा बांधली गेली, आणि 1979 मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सगळे लाकूडच असल्यामुळे व्यापाऱ्यांना राहत्या घरात चूल पेटवायला मनाई होती. स्वयंपाक आणि शेकोटी यांसाठी मागच्या बाजूला वेगळ्या वास्तू असत. आपल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात आगपेटी चालत नाही, तसाच हा दंडक होता. घरांच्या मधल्या बोळांत जमीनही फळ्यांची आहे, आणि त्यांवरून गाडीची चाके खडखडत जाऊ लागली की मुलगी खूश होऊन “अजून, अजून” म्हणे. भिंती एकमेकींवर रेललेल्या आहेत. एका ठिकाणी तर खिडकीची चौकट डोळ्यांना सरळ दिसावी म्हणून मला मानच तिरपी करावी लागली.

खाण्याची अडचण आम्हाला फारशी आली नाही, कारण खिचडी घरी शिजत होती, आणि बाहेर दालचिनीचा गोड पाव सगळीकडे मिळत होता. तपकिरी रंगाचे गोडसर चीज मुलीला इतके आवडले की ती ते नुसतेच खाई. ते चीजच्या निवळीला खूप वेळ आटवून करतात. मासळी बाजार आम्ही धावता पाहिला. तो महाग आहे आणि शाकाहारी कुटुंबाला तिथे रेंगाळण्याचे कारण नाही. मत्स्यालयात मात्र पेंग्विन आहेत, तेवढ्यासाठी मुलांना तिथे न्यावेच. इथून खाऊ नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: युरोपबाहेरून नॉर्वेत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, म्हणून तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. सातूचे पीठ, गूळ, पोहे नेले तरी पुरते.

व्हिसासाठी मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र अर्ज लागतो. नॉर्वेसह युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या या शेंगेन व्हिसाचे शुल्क सहा वर्षांखालील मुलांना नाही आणि बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा मात्र प्रत्येकाचा काढावा लागतो, त्यात मुलांना सूट नाही.

ओस्लोहून बर्गन विमानाने तासाभरात गाठता येते, तरी मुलाबरोबर रेल्वेच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. 1909 मध्ये सुरू झालेला हा मार्ग 1,222 मीटर उंचीवरच्या फिन्से स्थानकावरून जातो आणि प्रवासाला सुमारे सात तास लागतात. जूनमध्येही फिन्सेला रुळांच्या कडेला बर्फ होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहणारी आमची मुलगी काचेला नाक लावून बसली होती. गाडीत लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळा भाग असतो आणि त्यात खेळायला जागा असते. तिकीट काढतानाच त्या भागातली जागा मागून घ्यावी.