पाच दगड

आमच्या शेताच्या बांधावर वर्षभर दगड पडलेले असतात. त्यांच्यावर बसून मी भाकरी खाल्लीय, खुंटा ठोकलाय, अंगावर आलेल्या कुत्र्याला भ्या दाखवायला एखादा उचललाय. येळवशीच्या सकाळी तात्या त्यातलेच पाच वेचून आणतात, चुना-काव लावतात आणि कडब्याच्या कोपीत ओळीनं मांडतात. झाले पांडव!

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवच्या बाहेर हे समजावून सांगताना पंचाईत होते. "सणाला गावी जायचंय" म्हटलं की पुण्यातला मित्र कॅलेंडर बघतो आणि म्हणतो, "अमावस्या आहे रे!" इकडं त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. सगळे रानात.

हल्ली कोपीचीच अडचण होते. खरिपात सोयाबीन, मागोमाग हरभरा; ज्वारीच कमी, तर कडबा कुठला? मागच्या साली चार पेंढ्या शेजारच्या वस्तीवरून उसन्या आणल्या. देवाचं घर उसनवारीवर! तात्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी देवाधर्मातला नाही. पुण्यातल्या घरात साधा देव्हाराही नाही. पण आईनं बिंदग्यातून वाटीभर आंबील काढून हातात दिली की मी निमूट तात्यांच्या मागं चालतो. रात्रभर ताकात आंबलेलं ज्वारीचं पीठ, लसणाचा वास. तात्या "ओलगे ओलगे" म्हणत पुढं, मी पिकावर शिंपडत मागं. शब्दांना कानडी वास आहे. अर्थ विचारला तर तात्या हसतात. आधी रानाला, मग आपल्याला. भज्जीवर नजर असली तरी हा क्रम चुकत नाही.

हरभऱ्याच्या पानांवर मुळातच आंब असते. आधीची माणसं पहाटे त्यावर धडपं पसरून ती गोळा करायची. शिंपडता शिंपडता ओलं बोट मी चाटलं. आंबट होतं, आंबिलीचं की हरभऱ्याचं, कळेना.

"काय करलालास रं? चल की," तात्या पुढून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बस गाठायला निघालो. चपलेत खडा गेला. टेकायला म्हणून सवयीनं कोपीतल्या दगडाकडं वळलो. चुना अजून पांढराशुभ्र होता.

उभ्यानंच, एका पायावर डुलत, खडा काढला.