मधलं नाव गाळलं आणि साल्झबुर्गच्या पावसात पाच तास

साल्झबुर्गला जाणार असाल तर आधी एवढं करा: मुक्कामाचं बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे तस्सं टाका, वडिलांच्या नावासकट. किल्ला, संगीतकार मोझार्टचं घर वगैरे सगळं नंतर.

म्युनिकहून सकाळच्या गाडीने मी आणि आई साडेनऊला पोहोचलो. जुन्या गावाच्या कडेला घेतलेली खोली तीनला मिळणार होती, पण सामान लगेच ठेवता येईल असं लिहिलं होतं. ते ठेवून हात हलवत फिरायचं, असा बेत. तिथे माणूस नावालाही नाही. दाराशी आकड्यांची पेटी, आणि सामानाच्या खोलीलाही तोच कोड. कोड कधी मिळणार? फोनवरचा फॉर्म भरल्यावर.

फॉर्मबद्दल तक्रार नाही. ऑस्ट्रियात पाहुण्यांची नोंद ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पण तो भर पावसात, दारात उभं राहून भरायचा! स्क्रीनवर थेंब पडले की फोन आपल्या मनाने बटणं दाबतो. माझ्या जन्मतारखेत तीनदा फेब्रुवारी आला. पासपोर्टचा फोटो कसाबसा चढवला, तर पुढे गोल गोल फिरणारं चक्र आणि ‘पडताळणी सुरू आहे’. वीस मिनिटांनी ‘माहिती जुळत नाही’. कुठली माहिती, ते नाही. मदतीच्या नंबरवर जर्मनमधली टेप; त्यातलं मला फक्त ‘बिट्टे’, म्हणजे ‘कृपया’, एवढंच कळलं.

आईचं म्हणणं, हा कसला पाऊस, आपल्या साताऱ्यात याला रिपरिप म्हणतात. पण इथले लोक त्याला श्न्यूर्लरेगन म्हणतात, म्हणजे दोऱ्यांचा पाऊस. दोरे सोडल्यासारखा सरळ पडतो आणि थांबायचं नाव घेत नाही. वायव्येकडून आलेले ढग आल्प्सला अडतात आणि गाव त्या डोंगरांच्या अगदी पायथ्याशी. घाटमाथ्याच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मग दोन चाकांच्या बॅगा दगडी फरसबंदीवर खडखडत ओढत निघालो. जिथे डोक्यावर छप्पर तिथे थांबायचं, फोन पुसायचा, फॉर्म पुन्हा भरायचा.

दुसरा प्रयत्न कॅथेड्रलशेजारच्या कमानींखाली. चौकाच्या तिन्ही अंगांना अशा कमानी आहेत, भरपूर कोरड्या. (मोझार्टचा बाप्तिस्मा याच कॅथेड्रलमध्ये झाला, जन्माच्या दुसऱ्या दिवशी, 28 जानेवारी 1756 ला. त्याचं नाव मात्र लांबलचक असूनही बिनबोभाट नोंदलं गेलं.) पुन्हा ‘जुळत नाही’.

तिसरा सेंट पीटरच्या दफनभूमीत. भोवतीने कमानदार ओवऱ्या आहेत, मागे सरळ उभा कडा. मोझार्टची बहीण नानर्ल इथे एका सामायिक कबरीत आहे. आई म्हणाली, “भावाच्या नावावर गावभर चॉकलेटं विकतात, आणि ही इथे कोपऱ्यात.” माझं लक्ष चक्राकडे. फोटो धूसर आहे म्हणे.

चौथा गेट्राइडगासेत. गल्ली अरुंद, दुकानांच्या लोखंडी नक्षीच्या पाट्या वर लोंबतात आणि खाली सगळ्यांच्या छत्र्या एकमेकींत अडकतात. छत्री नकोच, टोपीचा रेनकोट घ्या. पण या गल्लीची खरी मजा तिच्या घरांच्या पोटातून जाणाऱ्या बोळांत आहे. एका दारातून शिरलं की मागच्या चौकात निघतो, वाटेत चिमुकली अंगणं. मोझार्टचं पिवळं जन्मघर, नऊ नंबर, याच गल्लीत. आम्ही त्याच्यासमोर दोनदा उभे राहिलो आणि बॅगांमुळे आत गेलो नाही. हो, सांगायचं राहिलं: स्टेशनवर लॉकर आहेत. साडेनऊला हे सुचायला हवं होतं.

अशाच एका बोळात, पायऱ्यांवर सँडविच खाताना, आईने माझा फोन घेतला. बुकिंगवरचं नाव वाचलं, पासपोर्टवरचं वाचलं. “यात बाबा कुठे आहेत?”

पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे. बुकिंग करताना मी ऐटीत फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकलं होतं. मशीनच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. “बापाचं नाव गाळलंस, भोग आता,” म्हणत तिने फोन परत दिला. बुकिंगमधलं नाव बदललं, आणि दोन मिनिटांत कोड आला. वाजले होते पावणेतीन.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच, पण पाठ मोकळी होती. आर्चबिशप गेबहार्टने 1077 मध्ये बांधायला घेतलेला होहेनसाल्झबुर्ग किल्ला आम्ही पायी चढलो. दोरीवर ओढली जाणारी गाडी 1892 पासून आहे, पण गडावर गाडीने जाणं आईला पटेना. चढ खडा आणि ओला दगड निसरडा, तेव्हा धरून ठेवणारे बूट हवेत. आमचे बूट रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवले होते. पासपोर्टही दुधाच्या पिशवीत ठेवा; ती युक्ती आईची, आणि पासपोर्ट तेवढे कोरडे राहिले.

वरून शहर दिसलं नाही, ढगच होता. तटापाशी उभे असताना फोन वाजला. मुक्कामाकडून मेल: ‘तुमच्या पहिल्या अर्जातली माहिती जुळत नाही. कृपया पुन्हा भरावा.’