मणक्याचं फ्यूजन: पाकिटातल्या ग्राफ्टआधी जागेची तयारी

फ्यूजन म्हणजे दोन मणके एकमेकांना सांधण्याचं ऑपरेशन, आणि त्यासाठी तिथे भरलेलं हाड किंवा त्याचा पर्याय म्हणजे ग्राफ्ट. यात स्क्रू आणि रॉड हे तात्पुरते टेकू. दोन मणके कायमचे सांधतं ते हाडच, आणि त्याला सहा महिने ते वर्ष सहज लागतं. तोवर हाड धरलं नाही तर धातू थकतो. स्क्रू सैल होतात, नाहीतर रॉड मोडतो.

हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी, त्यांना कामाला लावणारे प्रथिनांचे संकेत आणि त्यांना वाढायला सांगाडा, हे तिन्ही एकत्र देणारं मटेरियल म्हणजे रुग्णाचं स्वतःचं हाड. लॅमिना (मणक्याच्या मागच्या कमानीचं हाड) काढताना निघणारं हाड आधी वापरावं. मात्र त्यावरचे स्नायू-लिगामेंटचे धागे पूर्ण खरवडून काढायचे, रॉन्जरने (हाड कुरतडण्याच्या चिमट्याने) ४-५ मिमीचे तुकडे करायचे आणि ते रक्तात भिजलेल्या गॉजमध्ये ठेवायचे. टेबलावर उघडे राहिले तर पेशी वाळून मरतात. बरचा (हाड घासणाऱ्या ड्रिलचा) भुगा गोळा करता येतो, पण त्याला तुकड्यांची सर नाही.

एवढं पुरलं नाही तर कमरेचं हाड, म्हणजे कुल्ल्याच्या वरच्या कडेचं. मागून घेताना पीएसआयएसपासून (या हाडाच्या मागच्या टोकापासून) बाहेरच्या बाजूला ८ सेंमीच्या आत राहायचं, नाहीतर नितंबाच्या त्वचेच्या क्लुनियल नसा कापल्या जाऊन नितंब बधिर होतो किंवा दुखत राहतो. पुढून घेताना एएसआयएसच्या (पुढच्या टोकाच्या) मागे निदान ३ सेंमी सोडायचे. फार जवळ गेलं की ते टोकच मोडू शकतं.

दात्याच्या हाडात सांगाडा मिळतो, जिवंत पेशी जवळजवळ नसतात. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक असे ग्राफ्ट गॅमा किरणांनी निर्जंतुक करते. जिवंत पेशी राखलेल्या ग्राफ्टवर असे किरण मारता येत नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या अशा ग्राफ्टमधून शंभराहून अधिक रुग्णांपर्यंत टीबीचे जंतू पोचले होते. डीबीएम (खनिजं काढून टाकलेलं दात्याचं हाड) आणि सिरॅमिक (कृत्रिम पर्याय) हे भर घालायला ठीक. मणक्याच्या मागून आणि बाजूने केलेल्या फ्यूजनमध्ये त्यांच्यावर एकट्याने भिस्त ठेवू नये.

बीएमपी-२ (हाड बनवायला लावणारं प्रथिन) खरोखर प्रभावी आहे, म्हणूनच जपून. द्रावण १.५ मिग्रॅ प्रति मिली, कोलॅजन स्पंजवर टाकून निदान १५ मिनिटं थांबायचं. स्पंज पिळला गेला तर औषध नको तिथे पसरतं आणि नसांजवळही हाड बनू शकतं. मानेत पुढून वापरल्यावर सूज येऊन श्वास अडकल्याच्या घटनांमुळे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये इशारा दिला होता.

पण यातलं काहीही वापरा, ट्रान्सव्हर्स प्रोसेस (मणक्याच्या बाजूचा फाटा) आणि फॅसेटचा (मणक्यांमधल्या लहान सांध्याचा) वरचा कडक थर रक्त झिरपेपर्यंत खरवडला नसेल तर महागडं पाकीट वाया जातं. माझ्या मते नव्या सर्जनचा सगळ्यात जास्त कंटाळा इथेच दिसतो. तंबाखू, विडी, मिश्री या निकोटीनच्या सवयी आधी काही आठवडे आणि नंतरही बंद हव्यात. ‘मी फक्त मिश्री लावते’ ही सबब हाडाला चालत नाही.

तपासणीत एक फसगत असते. सिरॅमिक एक्स-रेवर मुळातच पांढरं दिसतं, म्हणून तिसऱ्या महिन्याच्या फिल्मवरून ‘जुळलं’ म्हणू नये. दुखणं टिकलं असेल किंवा स्क्रूभोवती काळी कड दिसत असेल तर पातळ कापांचा सीटी करून हाडाचा पूल या मणक्यापासून त्या मणक्यापर्यंत अखंड आहे का, ते बघायचं.