सारख्या वजनाचे दोन वाटे

माझ्याकडे जुन्या सोन्या-चांदीच्या मोडीचा भाव काढायला येणारे बहुतेक जण घरीच वजन करून, त्याला भावाने गुणून आकडा ठरवून येतात. हे बहीण-भाऊ आणखी एक पाऊल पुढे होते. घरातल्या जुन्या चांदी-सोन्याचे दोन वाटे करूनच ते आले होते, ग्रॅमला ग्रॅम जुळवून. भावाकडे मेणबत्तीच्या स्टँडची जोडी, ११४० ग्रॅम, आणि घड्याळाचा जाडजूड पिवळा साखळदोर, ४५ ग्रॅम. बहिणीकडे एक ट्रे, ९०० ग्रॅम, सहा चमचे, २४० ग्रॅम, आणि सोन्याच्या नावाखाली एक तुटकी चेन व बंद पडलेलं घड्याळ, मिळून ४५.२ ग्रॅम. मी फक्त किंमत सांगायची होती.

स्टँडवर ९२५ चा शिक्का होता, खराच. पण हातात घेतल्यावर वजन सगळं बुडाशी जाणवत होतं. एकाची मान आधीच मोडली होती आणि आत काळपट काहीतरी दिसत होतं. दोघांची परवानगी घेऊन तो कापला. आत राळेचा भराव आणि मधोमध लोखंडी सळई. चांदी म्हणजे वरचं पत्रा म्हणावं इतकं पातळ कवच. भाऊ म्हणाला, "भरावही ठेवा काट्यावर." ठेवला. कवच, भराव आणि सळई मिळून ५७० ला अगदी थोडं कमी भरलं, ते करवतीच्या भुशात गेलं. कवच एकटं ९२ ग्रॅम. त्याच्या ९२.५ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी ८५. दुसरा स्टँड धडधाकट आणि हुबेहूब तसाच. तो कापायची गरज नव्हती. जोडीची १७० धरली.

ट्रेच्या मागे ई.पी.एन.एस. अशी अक्षरं होती, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेलं निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी फक्त वरच्या मुलाम्यात. धातू तपासायचं मशीन वरवरचंच वाचतं, त्यामुळे ते 'चांदी' म्हणून मोकळं झालं. अशा वेळी माझा भरवसा कानशीवर. कडेला खोलवर एक घासा मारून तेजाबाचा थेंब टाकला, तो हिरवा झाला. ९०० ग्रॅमचा हिशेब शून्य. चमचे मात्र आरपार भरीव ९२५ चे. २४० ग्रॅमला २२२ शुद्ध, म्हणजे दोन्ही स्टँडपेक्षा जास्त.

आता सोनं. घड्याळ ३१ ग्रॅमचं. यंत्र, काच आणि स्टीलच्या बारीकसारीक वस्तू काढल्यावर ७५० कसाची, म्हणजे हजारात ७५० भाग सोन्याची केस उरली, ११.४ ग्रॅम; शुद्ध ८.५५. चेन १४.२ ग्रॅम, शिक्का ५८५ चा. कड्याकड्यांना जोडायला डाग (झाळ) दिलेले असतात आणि डागाचा कस उतरता, म्हणून शिक्क्यावर हिशेब न करता आटवून टंच, म्हणजे खरा कस, काढला. ५७० आला. शुद्ध ८.०९.

साखळदोर मी मुद्दाम शेवटी घेतला. कडीवर बारीक अक्षरांत '१/२० १२ के' लिहिलेलं. हा शिक्का बघून लोक १२ कॅरेट वाचतात आणि आधीचा अपूर्णांक गिळतात. एकूण वजनाचा विसावा भाग १२ कॅरेटचा, आणि १२ कॅरेट म्हणजे निम्मं सोनं. ४५ ग्रॅमचा चाळिसावा भाग, जेमतेम १.१ ग्रॅम, तेही कडी झिजलेली नसेल तर. एवढ्यासाठी वेगळी भट्टी कुणी लावत नाही.

कागद दोघांपुढे सरकवला. भावाचं शुद्ध सोनं १.१, बहिणीचं १६.६४. तो बराच वेळ साखळदोर बोटांत फिरवत राहिला आणि मग म्हणाला, "हा वाटा मीच निवडला होता." बहिणीने माझ्याकडची पेन्सिल घेतली, दोन्ही वाट्यांवर रेघ मारली आणि विचारलं, "सगळं एकत्र धरून निम्मं किती येतं, तेवढं सांगा. आणि तो धड स्टँड मोडायचा नाही."

सोनं ८.३२ ग्रॅम प्रत्येकी धरलं, साखळदोर बाजूला ठेवून. चांदी, धड स्टँड वगळून, १५३.५.